कापशाच्या कपाळावरचं कुंकू

प्रिय समीर,

आज सोमवार, आणि मी सिक लीव्ह टाकून हे पत्र लिहायला बसलेय. काल दिवसभर पावसात भिजले, सकाळी घसा धरला, आणि हल्ली घसा धरला की गुपचूप काढा पिऊन चालत नाही हे तुला ठाऊकच आहे. उठून कोविड टेस्टच्या ड्राइव्ह-थ्रूला गेले, नाकात काडी घालून घेतली, आता रिझल्टचा मेसेज येईपर्यंत घरात कोंडून बसायचं. आई तर मला स्वयंपाकघरातही येऊ देत नाहीयेत. चहाचा कप दाराबाहेर ठेवतात आणि "ठेवलाय गं!" असं ओरडून पळ काढतात. म्हटलं, एवढा आयता वेळ मिळालाय, तर तुझ्याशी एकदाचं भांडून घ्यावं.

कुठे भिजले ते विचार ना! डॉग शोला. हो, मी. दचकू नकोस.

तू कुत्रा आणायचं काढलंस तेव्हा "या घरात एक तर तो राहील नाही तर मी" असं मीच म्हटलं होतं. आणि झालं काय? तोही राहिला, मीही राहिले, आणि निघून गेलास तू. ही कुठली पद्धत रे?

कुत्र्यांची पैदास करणाऱ्या जूडीने तिच्या फार्मवरून तुला ते सामोयेड जातीचं पिल्लू दिलं ते एका अटीवर. कुत्रा आपल्या घरी राहील, पण मालक दोघं, ती आणि तू, आणि त्याला शोमध्ये उतरवत राहायचं. नाही उतरवलं तर ती त्याला परत नेणार. मला न विचारता तू हात मिळवून मोकळा झालास! घरी येऊन वर मलाच सांगतोस, "अगं, नुसतं रविवारी मैदानात फिरून यायचं असतं." नुसतं फिरून! आदल्या दिवशी शाम्पू, मग तास तासभर ड्रायर, आणि सोफ्यावर, गालिच्यावर, माझ्या काळ्या पँटवर, सगळीकडे पांढरा कापूस. आईंनी व्हिडिओ कॉलवर ते बघूनच त्याचं नाव कापशा ठेवलं.

तू गेलास त्या सकाळी तुझ्याबरोबर तोच होता. फिरायला म्हणून गेलात दोघं, आणि थोड्या वेळाने कोपऱ्यावरचा तो कोरियन शेजारी कापशाचा पट्टा हातात धरून दारात उभा. त्या बिचाऱ्याने नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तुझं हृदय थांबलं तेव्हा मी मीटिंगमध्ये म्यूटवर बसले होते आणि आई पोहे भिजवत होत्या. शेवटी तू काय बोललास, काही बोललास तरी का, हे या जगात एका जीवाला माहीत आहे, आणि तो नुसता भुंकतो.

निरोपाला मोजकीच माणसं, तीही लांब लांब खुर्च्यांवर. पुण्याची सगळी मंडळी झूमवर, आणि मामा म्यूट करायला विसरले, त्यामुळे गुरुजींच्या मंत्रांत मामींच्या कुकरच्या शिट्ट्या. तू असतास तर हसून लोळला असतास. मला हसायला कुणीच नव्हतं रे बरोबर. आई तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. बॉर्डर बंद, विमानं बंद, त्या इथे परदेशातच अडकल्या, आणि आता वर्ष उलटून गेलंय.

आणखी एक झालं, त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तू गेल्यावर आईंनी देव्हाऱ्यापुढचा कुंकवाचा करंडा उचलला आणि वरच्या कपाटात अगदी मागे नेऊन ठेवला. मी बघितलं. काही विचारलं नाही. मी कसली मानतेय असलं काही? पण टिकलीचं पाकीट मीही त्यानंतर उघडलं नाही, हे खरं. लॅपटॉपवरच्या मीटिंगा, तिथे कपाळ कोण बघतंय!

तुला आठवतं, आई आल्यानंतर दोन शो झाले होते लॉकडाऊनच्या आधी? दोन्ही वेळा निघताना दारात तुझं औक्षण. आई स्वतः करायच्या नाहीत. तुझे बाबा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला हात लावलेला नव्हता. "माझ्या हाताने नको," म्हणायच्या, आणि ताम्हन माझ्याकडे सरकवायच्या. तू चिडायचास. "आई, तू लाव. मला तुझ्या हातचं हवंय." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, "उशीर होतोय रे," म्हणायच्या. मग मी कुंकू लावायची, ओवाळायची, आणि तू म्हणायचास, "याला पण ओवाळ, खरा हिरो तो आहे." मी दिवा कापशासमोर एकदा गोल फिरवायची, लांबूनच.

जानेवारीत जूडीचा फोन आला. वाईट नाही रे ती बाई. तू गेलास तेव्हा लॅमिंग्टन केकचा डबा दाराबाहेर ठेवून रस्त्याच्या पलीकडे उभी राहून रडली होती, जवळ यायची सोयच नव्हती. तेव्हापासून कुत्र्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता तिने. आता म्हणाली, "मृणाल लव्ह, तो ऐन वयात आहे. सोफ्यावर लोळून फुकट चाललाय. मार्चमध्ये शो परत सुरू होतायत, मी त्याला घेऊन जाते."

"मी उतरवते त्याला," मी म्हटलं.

ती म्हणाली, "डार्ल, त्याला पावसात उभं राहणारं माणूस लागतं. समीर उभा राहायचा. तू गाडीत बसून पुस्तक वाचायचीस."

असा राग आला म्हणून सांगू! खोटं बोलली असती तर इतका आला नसता. "मार्चच्या शोला येतेय," मी म्हटलं, "तेव्हा बघ." ती म्हणाली, "ठीक आहे. पण तेव्हा नाही जमलं, तर त्याच दिवशी तो माझ्याबरोबर घरी येईल. नो हार्ड फीलिंग्ज?" "नो वरीज," मी म्हटलं, फोन ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत भांडी आपटली.

तो जाणार म्हणजे काय? तुझ्याजवळ शेवटी जो बसून होता तो माझ्या घरात नाही, कुठल्या तरी फार्मवर, दुसऱ्या दहा कुत्र्यांत? मी जिवंत असताना नाही.

मग सुरू झाली आमची तालीम. संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीत मी आणि कापशा, आणि जज म्हणून खुर्चीवर शाल पांघरून आई. यूट्यूबवरच्या बाईने सांगितलं होतं, आवाज गोड ठेवा, कुत्र्याला दडपण येता कामा नये. मी साखरेत घोळलेल्या आवाजात "गुड बॉय, कम ऑन, गुड बॉय" करायची. हा दोन पावलं चालायचा आणि फतकल मारून बसायचा.

"नापास!" आई खुर्चीवरून.

"अहो आई, निदान एकदा तरी पास करा."

"त्याला पळू दे, मग करते. वशिला चालणार नाही."

दर संध्याकाळी नापास! तुझ्याबरोबर कसा सुसाट पळायचा, शेपटी पाठीवर वळवून, तोंडभर हसत. एकदा मी त्याच्यासमोर गुडघे टेकून विचारलं, "काय पाहिजे रे तुला?" तर तो रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत बसला. मग मीही त्याच्या शेजारी तिथेच बसले. आईंनी त्या दिवशी नापास केलं नाही.

दात दाखवणं मात्र जमलं मला. आता नियमच असा आहे की जज कुत्र्याच्या तोंडाला हात लावणार नाहीत, आपणच ओठ वर करून दात दाखवायचे. माझी घाबरगुंडी तुला माहीत आहे. सुरुवातीला तुझे ते जाड हातमोजे घालून केलं, मग नुसत्या हाताने. चावला नाही. उलट मलाच चाटून घ्यायचा मेला.

आणि उजाडला रविवार. आठवडाभर पाऊस नुसता कोसळत होता, नदीकाठच्या लोकांना हलवण्याच्या बातम्या चालल्या होत्या. मला वाटलं शो रद्द होणार. कसला रद्द! आमचं मैदान उंचावर आहे, वर्षभर घरी बसलोय, आता आभाळ फाटलं तरी होणारच, असा आयोजकांचा मेसेज. आई म्हणाल्या, "मीही येते. गाडीत त्याच्याजवळ कुणी तरी नको का?" पर्स, शाल, थर्मास आणि एक कापडी पिशवी घेऊन निघाल्या. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. डबा असेल म्हटलं.

मैदान म्हणजे नुसता राडा झाला होता. गेटवर क्यूआर कोडने चेक-इन केलं (आईंनी आपलं आपण केलं, बरं का!), आणि आत शिरलो तर समोरच जूडीची यूट, तिची ती मागून उघडी गाडी. मागे मोठा पिंजरा. दार उघडं, आत नवीन निळं ब्लँकेट घडी घालून ठेवलेलं. आईंनीही बघितलं. त्यांनी कापशाच्या पट्ट्याचा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

जूडी गमबूट फचफचवत आली ती वैतागलेलीच. तिच्या दोन स्टुअर्ड, म्हणजे रिंगणापाशी उभं राहून नंबर पुकारणाऱ्या आणि कुत्री आत सोडणाऱ्या बायका, आल्याच नव्हत्या. एकीचं नाक गळत होतं म्हणून ती टेस्ट करून घरी बसलेली, दुसरी पूर आलेल्या रस्त्यापलीकडे अडकलेली. लाउडस्पीकरमध्ये पाणी गेलेलं. "तुमची पाळी दुपारी आहे," ती म्हणाली, "तोपर्यंत तीन नंबरच्या रिंगणाला उभी राहशील?"

"राहीन. छत्री कुठे मिळेल?"

"छत्री फडफडली की कुत्री बुजतात, लव्ह." आणि एक पिवळं जॅकेट माझ्या अंगावर टाकून गेली.

आधी मी माझं ऑफिसातलं इंग्लिश काढलं. "एक्स्क्यूज मी, नेक्स्ट क्लास, प्लीज?" त्या पावसात कोण ऐकतंय! माणसं गाड्यांच्या काचा वर करून बसलेली. जजबाई घड्याळ बघायला लागल्या. मग मात्र माझं डोकं फिरलं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत टँकर आला की आमची आई चौथ्या मजल्यावरून जशी हाक मारायची ना, तशी मारली. पार्किंगच्या पार टोकाकडची माणसं कुत्र्यांसकट पळत आली! एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "यू डोन्ट नीड अ माइक, मेट."

मग वारा सुटला. जजबाईंच्या टेबलावरचा तंबू एका कोपऱ्याने उचलला, खुंटी चिखलातून उपटून आली. मी धावत जाऊन खांबाला मिठीच मारली. दुसरं कुणी मोकळंच नव्हतं, त्यामुळे धरून उभी राहिले. एका हातात खांब, दुसऱ्या हाताने रिबिनी देतेय, आणि मधूनमधून "अंतर ठेवा, अंतर ठेवा!" म्हणून ओरडतेय. जॅकेटच्या मानेतून आत गेलेलं पाणी थेट बुटात. जूडी एकदा जवळून गेली, थांबली, माझ्याकडे बघितलं. मग हातोडा घेऊन आली, खुंटी ठोकली आणि निघून गेली. पण चिखलात ती परत हलायला लागली, म्हणून मी खांब काही सोडला नाही.

समीर, एक सांगू? मजा आली रे. त्या चिखलात, त्या ओल्या कुत्र्यांच्या वासात, मला कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली. तू मला हे कधी सांगितलं का नाहीस? एवढे शो मी गाडीत बसून काढले! दार उघडून मला ओढून बाहेर का नाही काढलंस? मी चिडले असते, हो, पण आले असते ना.

सामोयेडची वेळ झाली. खांब दुसऱ्याच्या हातात देऊन धावत गाडीकडे गेले, दार उघडलं, आणि बघतच राहिले.

मागच्या सीटवर आई. मांडीवर ताम्हन. ताम्हनात चांदीचा करंडा, तोच, वरच्या कपाटातला! शेजारी कापशा, सकाळपासून विंचरलेला, पांढराशुभ्र, आणि त्याच्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. त्यावर अक्षता. आणि आई मोबाईलचा टॉर्च लावून त्याला ओवाळतायत. गाडीत निरांजन कसं लावणार, म्हणून टॉर्च!

"आई! हे काय केलंत!"

"औक्षण करतेय. समीरशिवाय पहिल्यांदाच चाललाय तो."

"अहो, पांढऱ्या कुत्र्याला कुंकू? शोमध्ये केसांना रंग चालत नाही! बाद करतात!"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मला काय ठाऊक गं... तुलाच करायला सांगणार होते. पण तू तिकडे खांब धरून. मग दुसरं कोण होतं?"

ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी लगेच शहाणपणा केला. ओला वाइप घेतला आणि खसाखसा पुसलं. पुसलं कसलं, माखलं! टिळ्याएवढं होतं ते कपाळभर झालं, नाकापर्यंत ओघळलं. कापशा गुलाबी! सत्यनारायणाच्या प्रसादाला निघाल्यासारखा गुलाबी! आई पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढत होत्या. सॅनिटायझरने हात फुटतात म्हणून बाळगतात ना, ती. "थांब, तेलाने निघतं कुंकू." पण तेल लावलं असतं तर केस चप्प बसले असते, आणि तिकडे आमचा नंबर पुकारत होते.

त्याला घेऊन रिंगणाच्या दोरीपाशी पोचले. जूडी तिथेच होती. "ब्लडी हेल! लागलं का त्याला?"

"नाही. कुंकू आहे. त्याच्या आजीने आशीर्वाद दिलाय."

तिने डोळे मिटले, उघडले. "मृणाल, नाव मागे घे. असा आत नेलास तर बाहेर काढतील. माझंही नाव आहे त्याच्यावर."

आणि मागे घेतलं तर? तिच्या यूटवरचा पिंजरा उघडाच होता. "मी जाणार," मी म्हटलं. "बाहेर काढायचंय ना त्यांना? मग आधी आत तर जाते."

या रिंगणाचे जज वेगळे, एक उंच, वयस्क गृहस्थ, टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकतंय. दीड मीटरवर थांबले. दात दाखवायला सांगितले. मी ओठ वर करून दाखवले. मग ते वाकून कपाळाकडे बघायला लागले. मी सगळं सांगून टाकलं. त्याचा मालक माझा नवरा होता, तो आता नाही, त्याची आई तिकडे गाडीत बसलीय, आमच्यात घराबाहेर मोठ्या कामाला निघताना असं करतात.

त्यांनी टोपीवरचं पाणी झटकलं. मग म्हणाले, "आय ॲम सॉरी, मॅडम. केसांत रंग असताना मी त्याला जज करू शकत नाही. मला तुम्हाला बाहेर जायला सांगावं लागेल."

"जाते," मी म्हटलं. "पण आलोच आहोत तर एक फेरी मारू दे त्याला. नंबर नको, काही नको."

त्यांनी आभाळाकडे बघितलं, दोरीपलीकडच्या लोकांकडे बघितलं. "राउंड यू गो."

मी पट्टा उचलला. "कम ऑन, गुड बॉय," गोड आवाजात. दोन पावलं. आणि फतकल! चिखलात, सगळ्यांसमोर, बसला!

समीर, त्या क्षणी माझ्यात काय संचारलं कोण जाणे. भूक, गारठा, पिंजरा, तू, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी कमरेवर हात ठेवला आणि ओरडले, "ऊठ की रे आता! किती वेळ लोळणार आहेस? सगळं मीच करायचं का या घरात?"

कापशाचे कान ताठ झाले. का सांगू? तो आवाज त्याने पिल्लू असल्यापासून ऐकलाय, दर शनिवारी, दर रविवारी. मी असं ओरडले की तू सोफ्यावरून उठायचास, आणि तुझ्यामागे तो उठायचा. त्याने मान वळवून मागे बघितलं. तू उठलास का, ते बघत होता. मीही बघितलं रे. वेड्यासारखं मीही मागे वळून बघितलं.

मग तो उठला. मागे एकदा, माझ्याकडे एकदा, आणि निघाला. पळाला! चिखल उडवत, शेपटी पाठीवर, गुलाबी तोंड वर करून, आणि त्याच्या बरोबरीने मी, त्या जड जॅकेटमध्ये, रडत आणि ओरडत, "चल, चल, चल राजा!" वळणावर मी घसरले, एक गुडघा टेकला, तो थांबला, मी उठले, परत पळालो. दोरीपलीकडून टाळ्या आल्या. एका गाडीचा हॉर्न सारखा वाजत होता. नंतर कळलं की आमचीच गाडी. आई पुढच्या सीटवर जाऊन हॉर्न दाबत होत्या.

जजनी टोपीला हात लावला आणि बाहेरचा रस्ता दाखवला. बाद! रीतसर बाद झालो.

मी गाडीपाशी उभी राहून कापशाला पुसत होते, तेवढ्यात जूडीने यूट मागे घेत घेत आमच्याजवळ आणली. मी पट्टा मुठीत घट्ट धरला. भांडायची तयारी ठेवली होती मी, तुला सांगते, चिखलात लोळून भांडले असते. ती उतरली. पिंजऱ्यातलं निळं ब्लँकेट काढलं, गाडीच्या खिडकीतून आईंच्या मांडीवर टाकलं, आणि म्हणाली, "यू लुक कोल्ड, डार्ल." मग मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? हात लाव."

तीन नंबरच्या रिंगणाचे ओले दोर, खुंट्या, हातोडा, माझा तो खांब, सगळं आम्ही दोघींनी उचलून त्या पिंजऱ्यात भरलं. दार लागेना. तिने पायाने दाबून बंद केलं.

"पुढचा शो ईस्टरनंतर आहे," ती म्हणाली. "सकाळी लवकर ये, मला स्टुअर्ड लागेल. आणि त्याचं तोंड धुऊन आण."

"आणि तो?" मी विचारलं.

"तो काय? तो तुझ्याबरोबरच येईल ना. मी कशाला आणू?" आणि गेली.

घरी आल्यावर आईंनी लाँड्रीत जुने टॉवेल अंथरले आणि कापशाच्या कपाळाला खोबरेल तेल चोळायला बसल्या. बरंचसं निघालं, पण दोन कानांच्या मधोमध अजून एक फिकट गुलाबी डाग आहेच. "माझ्यामुळे हरला गं तो," म्हणाल्या.

"हरला कुठे? घरी आलाय बघा."

करंडा तिथेच बाजूला होता. त्यांनी झाकण लावलं आणि वरच्या कपाटाकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसरं कोण होतं, म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांत तू हट्ट करूनही ज्यांनी कुंकवाला बोट लावलं नाही, त्यांनी पावसात, एकट्या गाडीत बसून, आपल्या हाताने ते लावलं होतं. आणि मी ते वाइपने पुसत सुटले!

मी त्यांच्या हातून करंडा घेतला आणि देव्हाऱ्यापुढे ठेवला, होता त्याच जागी.

"आई, पुढच्या शोला याला नका लावू."

"नाही गं बाई. कान पकडते."

"मला लावा."

त्यांचा हात कापशाच्या डोक्यावर थांबला. मग अगदी बारीक आवाजात, "माझ्या हाताने?"

"मग दुसरं कोण आहे? आणि मग मी तुम्हाला लावेन. नाही म्हणायचं नाही, सांगून ठेवते."

त्या परत तेल चोळायला लागल्या. डोळे पुसायला हात तेलकट, म्हणून खांद्याला पुसले. "पाऊस असला तर ओघळेल," म्हणाल्या.

"ओघळू दे. मला कोण बाद करतंय!"

हे लिहिता लिहिता मेसेज आला बघ. निगेटिव्ह. आता बाहेर जाऊन आईंना सांगते, म्हणजे निदान चहा माणसासारखा टेबलावर मिळेल. कापशा दाराला नाक लावून बसलाय, फिरायला जायचंय त्याला. त्या कोपऱ्यावरून जायला लागेल, आणि आम्ही जाणार आहोत.

तर समीर, हा माझा शब्द. कापशा इथेच राहील. ईस्टरनंतरच्या शोला आम्ही तिघं जाऊ, पुस्तक घरी ठेवीन, छत्रीही, आणि तो चॅम्पियन होईपर्यंत मी पावसात उभी राहीन. पण निघायच्या आधी दारात पाट मांडायचा, खराखुरा दिवा लावायचा, आणि आई पहिलं कुंकू लावतील. तुला त्यांच्या हातचं हवं होतं ना? तुझ्या वाटचं मी लावून घेईन.

तुझ्यावर अजूनही चिडलेली,
तुझीच,
मृणाल